काकांना भूल बाधली होती, मुलाचं ऑपरेशन करावं का?

प्रश्न: माझा मुलगा बारा वर्षांचा, वजन 36 किलो. टॉन्सिल सारखे सुजतात, दर महिना-दीड महिन्याला ताप आणि शाळा बुडते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी टॉन्सिल काढायला सांगितले आहेत. माझे थोरले दीर वीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये गेले. भूल दिल्यावर जबडा आवळला, हातपाय ताठ झाले, अंग चटका बसेल इतकं तापलं, पिशवीत उतरलेली लघवी काळपट होती. 'भूल मानवली नाही' एवढंच आम्हाला सांगितलं. सासूबाई म्हणतात, हे डॉक्टरांपुढे काढू नका, ते हातच लावणार नाहीत. मिस्टर म्हणतात, माझं हर्नियाचं ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन झालं, आईचे दोन्ही मोतीबिंदू निघाले, काही झालं नाही. भाची एम.एस्सी. करते. ती म्हणाली, कॅफिन आणि भुलीची औषधं स्नायूंतलं कॅल्शियम बाहेर काढतात. तेव्हापासून मी मुलाचा चहा, चॉकलेट, दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या सगळं बंद केलं आहे. काय करू?
— एक आई, सांगली जिल्हा

ताई, दूध आजच सुरू करा. चहा-चॉकलेटही घरात पूर्वी जेवढं चालत होतं तेवढं चालू द्या. ऑपरेशन करता येईल, पण भूल कोणती द्यायची हे आधी ठरवून. आणि सासूबाईंचा मान राखूनच सांगते, दिरांचं काय झालं ते भूलतज्ज्ञांपासून अजिबात लपवू नका. तुमच्या पत्रातली जबडा, ताठ हातपाय, ताप आणि काळी लघवी ही चार वाक्यं तुमच्या मुलासाठी कुठल्याही रक्ततपासणीपेक्षा जास्त मोलाची आहेत.

भाचीनं सांगितलं ते शास्त्र म्हणून खरं आहे. फक्त त्यातून चहा बंद करण्यापर्यंत जी उडी मारली गेली ती चुकली. ती का चुकली हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडेल.

आपण हात उचलतो तेव्हा स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सुटतं. हे कॅल्शियम त्या क्षणी रक्तातून येत नाही. प्रत्येक स्नायूपेशीत पातळ पडद्यांची एक साठवण असते, तिला सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम म्हणतात. तिच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्या पेशीरसाच्या सुमारे 10,000 पट असतं. या साठवणीला प्रथिनाची दारं असतात. कृष्णेच्या कालव्यावर राहणाऱ्या माणसाला हे चटकन समजेल: वर पाणी तुडुंब, खाली चर कोरडी, आणि मध्ये फक्त एक दार. मज्जातंतूकडून विजेचा संदेश आला की पेशीच्या आवरणातलं एक संवेदक प्रथिन हलतं आणि शेजारच्या दाराला अक्षरशः ढकलून उघडतं. कॅल्शियम बाहेर येतं, ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, स्नायूचे धागे एकमेकांवर सरकतात आणि हात उचलला जातो. लगेच दार मिटतं आणि पेशीतले पंप ऊर्जा खर्च करून कॅल्शियम पुन्हा आत भरतात. हे सगळं सेकंदाच्या छोट्या अंशात होतं.

हृदयाच्या स्नायूचं तसं नाही. त्याला प्रत्येक ठोक्याला बाहेरून थोडं कॅल्शियम आत यावं लागतं. हातापायाच्या स्नायूभोवतीच्या द्रवातलं कॅल्शियम काढून घेतलं, तरी तो विजेच्या संदेशावर काही काळ आखडत राहतो, कारण त्याचा साठा आतच आहे. म्हणून तुमच्या गोळीतल्या किंवा दुधातल्या कॅल्शियमचा दिरांना झालेल्या त्रासाशी संबंध नाही. रक्तातली पातळी शरीर तशीही काटेकोर सांभाळतं. ते दूध हाडांकडे जातं, आणि बाराव्या वर्षी हाडांना ते हवंच असतं.

आता या दाराचं नाव. त्याला रायनोडीन रिसेप्टर म्हणतात आणि हातापायाच्या स्नायूंत त्याचा पहिला प्रकार असतो, आरवायआर-1. रायनोडीन हे दक्षिण अमेरिकेकडच्या रायनिया नावाच्या झुडपातलं विष. त्या झुडपाची पूड कीटकनाशक म्हणून वापरत. हे विष दाराला इतकं घट्ट चिकटतं की 1980च्या दशकात शास्त्रज्ञांनी त्याच्याच मदतीनं ते प्रथिन शोधून वेगळं केलं. कमी मात्रेत रायनोडीन दार अर्धवट उघडं अडकवून ठेवतं, फार जास्त मात्रेत बंद करतं. कॅफिनची तऱ्हा वेगळी. ते दार स्वतः ढकलत नाही, त्याला हळवं करतं. एरवी ज्या अगदी थोड्या कॅल्शियमकडे दार ढुंकूनही पाहत नाही, कॅफिन असताना तेवढ्यावरच ते उघडतं. हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन, डेसफ्लुरेन ही भुलीची वाफ होणारी औषधंही दाराला असंच हळवं करतात. निरोगी माणसात त्यानं काही बिघडत नाही, पंप सुटलेलं कॅल्शियम सहज आत ओढून घेतात. म्हणून रोज लाखो लोकांना ही औषधं दिली जातात आणि ते घरी जातात.

अडचण होते ती ज्यांचं दार जन्मतःच थोडं सैल आहे त्यांची. आरवायआर-1च्या जनुकात एखादं अक्षर बदललेलं असतं. रोजच्या आयुष्यात ते कळतही नाही, अशी माणसं शेती करतात, कबड्डी खेळतात. पण वरच्यापैकी एखादी वाफ किंवा स्कोलीन, म्हणजे सक्सिनिलकोलीन, हे स्नायू झटकन शिथिल करणारं इंजेक्शन मिळालं, तर दार उघडतं आणि मिटत नाही. स्कोलीन थेट दाराला हात लावत नाही. ते स्नायूच्या आवरणाला सतत संदेश मिळत असल्यासारखं उत्तेजित ठेवतं. पण सैल दाराला तेही पुरतं.

मग काय होतं ते तुम्ही लोकांनी पाहिलंय. सगळे स्नायू एकदम आखडतात. पंप जीव तोडून कॅल्शियम आत ओढायला बघतात, त्यात ऊर्जा जळत राहते. प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल साठतं, आणि शरीराच्या वजनाच्या जवळजवळ 40 टक्के असलेले स्नायू सगळे मिळून उष्णता बाहेर टाकतात. हा जंतूंचा ताप नव्हे, पॅरासिटामॉलनं तो उतरत नाही. पेशी फुटतात, त्यातलं पोटॅशियम रक्तात येऊन हृदयाची लय बिघडवतं आणि मायोग्लोबिन नावाचं तांबूस प्रथिन लघवीतून जातं. लघवी काळपट दिसली ती त्यानं. या आजाराला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात.

पत्रावरून वीस वर्षांपूर्वीच्या मृत्यूचं निदान होत नाही, आणि असं चित्र दुसऱ्या कारणांनीही दिसू शकतं. काही स्नायूंच्या आजारांत स्कोलीननं पोटॅशियम एकदम वाढून हृदय थांबतं. पण जबडा, ताठरपणा, ताप आणि लघवी एकत्र आल्यावर शंका एवढी पक्की होते की तुमच्या मुलाला हा आजार आहे असं धरूनच भूल द्यायची. तसं धरल्यानं काही तोटा नाही, फक्त औषधं बदलतात.

आता मिस्टरांच्या म्हणण्याबद्दल. कमरेतल्या इंजेक्शनची भूल आणि मोतीबिंदूची डोळ्याभोवतीची भूल यांत वापरतात ती बधिर करणारी औषधं त्या दाराला उघडत नाहीत. म्हणजे त्यांची आणि सासूबाईंची परीक्षाच झालेली नाही, उत्तीर्ण झाले असं कसं म्हणणार? त्यातही, ज्यांना हा आजार असतो त्यांना पहिल्याच भुलीत त्रास होईल असंही नाही. आधी दोन-तीनदा पूर्ण भूल बिनबोभाट पार पडलेल्या माणसाला पुढच्या वेळी झटका आल्याची उदाहरणं आहेत. गुण वारशानं येतो आणि आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. दिरांना तो आईवडिलांकडून आला असेल तर तुमच्या मिस्टरांकडे असण्याची शक्यता निम्मी, आणि मुलाकडे चारात एक. चारात एक ही शक्यता भुलीच्या टेबलावर फार मोठी असते.

डॉक्टरांना सांगू नका, असं तुमच्याकडे म्हणतात त्या जागी मेलबर्नच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगावीशी वाटते. वय 21, मोटार अपघातात पाय मोडला. त्याला पायापेक्षा भुलीची धास्ती जास्त होती, कारण घराण्यातली दहा माणसं ईथरसारख्या औषधांनी गेली होती. त्यानं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं. ईथर टाळून त्या काळी नवं असलेलं हॅलोथेन दिलं, तरी त्रास सुरू झालाच. पण सगळे सावध होते. त्यांनी भूल थांबवली, त्याला बर्फात गुंडाळून थंड केलं आणि तो वाचला. मायकल डेनबरो आणि रिचर्ड लव्हेल यांनी 1960 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे घराणं जगापुढे मांडलं आणि या आजाराची ओळख तिथून सुरू झाली. पुढे त्याच विद्यार्थ्याचं मुतखड्याचं ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन व्यवस्थित झालं. त्यानं घरातले मृत्यू लपवले असते तर यादीत अकरावा त्याचा झाला असता.

तुमच्या पुढचा रस्ता त्याच्यापेक्षा कितीतरी सोपा आहे. कोणती औषधं दार उघडतात आणि कोणती नाही, हे आता नेमकं माहीत आहे. प्रोपोफॉल, केटामिन, फेंटॅनिल, मिडॅझोलॅम, नायट्रस ऑक्साइड, रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम आणि सगळी बधिर करणारी औषधं चालतात. टॉन्सिलसाठी पूर्ण भूल लागते, पण ती पूर्णपणे शिरेतून देता येते. प्रोपोफॉल पंपानं चालू ठेवायचं आणि वाफ वापरायचीच नाही. हे कुठल्याही प्रशिक्षित भूलतज्ज्ञाचं रोजचं काम आहे. एक बारीक गोष्ट मात्र तुमच्या लक्षात असू द्या. लहान मुलं सुईला घाबरतात म्हणून त्यांना बहुधा मास्कमधून सेवोफ्लुरेन हुंगवून झोपवतात आणि मग सलाईन लावतात. तुमच्या मुलाला तसं करायचं नाही. हाताला बधिर करणारं मलम तासभर आधी लावून सलाईन जागेपणीच लावतील. बारा वर्षांचं मूल समजावलं तर तेवढं सहज सोसतं, आणि ते घरी तुम्हीच समजावलेलं बरं.

मशीनचंही असतं. आधीच्या पेशंटला दिलेली वाफ मशीनच्या नळ्यांत आणि सोडा लाइममध्ये, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या खड्यांत, राहते. म्हणून व्हेपोरायझर, म्हणजे औषधाची वाफ करणारे डबे, काढून ठेवायचे, नळ्या आणि सोडा लाइम नवे घालायचे आणि मशीन जोरात ऑक्सिजननं धुऊन काढायचं. किती वेळ ते मशीनच्या कंपनीवर अवलंबून असतं, काहींना तासाहून जास्त लागतो. कोळशाचे खास फिल्टर असतील तर वेळ वाचतो. यासाठीच मुलाचा नंबर सकाळी पहिला लावून घ्या. ऑपरेशन चालू असताना पाहायचा तो मुख्य आकडा श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा. ताप उशिरा चढतो, हा आकडा आणि नाडी आधी चढतात. हॉस्पिटलमध्ये तो मोजणारा मॉनिटर, म्हणजे कॅप्नोग्राफ, आणि अतिदक्षता विभाग असायलाच हवा. तालुक्याच्या छोट्या दवाखान्यात हे करू नका. सांगली-मिरज, कोल्हापूर किंवा पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये करा.

आणि डँट्रोलीनची चौकशी करा. या आजारावरचं हे एकच नेमकं औषध आहे, ते त्या उघड्या दारातून होणारी गळती आवळतं. केप टाउनच्या गेसफर्ड हॅरिसन यांनी 1975 मध्ये डुकरांवर ते दाखवून दिलं. लँड्रेससारख्या काही जातींच्या डुकरांना हाच आजार होतो आणि कत्तलखान्यात नुसत्या भीतीनंही ती ताठून मरत, म्हणून त्यांच्यावर अभ्यास झाला. 1979 मध्ये अमेरिकेत ते शिरेतून द्यायला मान्यता मिळाली. त्याआधी या आजारात दहापैकी सात-आठ माणसं जात, आता वेळेत डँट्रोलीन मिळालं तर बहुतेक वाचतात. भारतात मात्र हे वर्षानुवर्षं सहज मिळत नव्हतं, बाहेरून मागवावं लागे, आणि आजही कित्येक हॉस्पिटलांच्या कपाटात ते नसतं. मला हे मनापासून खटकतं. पहिला डोस किलोला 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलासाठी 90 मिलिग्रॅम. जुन्या पद्धतीच्या कुपीत 20 मिलिग्रॅमच औषध असतं. ती नारिंगी-पिवळी पूड 60 मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात घालून हलवत बसावं लागतं, लवकर विरघळत नाही. एका डोसला पाच कुप्या आणि त्या हलवायला दोन-तीन माणसं. गरज पडल्यावर शहरभर शोधण्याचं हे औषध नव्हे. वर सांगितलेली सुरक्षित भूल दिल्यावर ते लागण्याची शक्यता फारच कमी, आधीपासून द्यायचीही गरज नाही. पण 'तुमच्याकडे डँट्रोलीन आहे का, नसेल तर किती वेळात येईल' हा प्रश्न भुलीच्या फिटनेसला गेल्यावर विचारा. प्रश्नाचा राग मानणाऱ्या ठिकाणी ऑपरेशन करू नका.

सासूबाईंची भीती अगदीच बिनबुडाची नाही. एखादा डॉक्टर 'आमच्याकडे नको' म्हणेलही. त्यानं तसं सांगून मोठ्या ठिकाणी पाठवलं तर त्यानं तुमच्यावर उपकारच केले असं समजा.

कॅफिनकडे परत येते, कारण भाचीनं ते कुठून ऐकलं असेल याचा मला अंदाज आहे. या आजाराची खात्रीची तपासणीच कॅफिनवर उभी आहे. टोरांटोचे वर्नर कॅलो आणि बेव्हर्ली ब्रिट यांनी 1970 मध्ये ती वाट दाखवली. मांडीच्या स्नायूचा दोनेक सेंटिमीटरचा ताजा तुकडा काढतात. 37 अंशांच्या द्रवात टांगतात, त्यात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडतात. एक टोक पक्कं, दुसरं ताण मोजणाऱ्या यंत्राला. दर पाच सेकंदांनी विजेचा हलका झटका दिला की तुकडा थोडासा आखडतो आणि सैल होतो, कागदावर छोट्या उभ्या रेघा उमटत जातात. मग द्रवात कॅफिन पायरीपायरीनं वाढवतात: लिटरला 0.5 मिलिमोल, 1, 1.5, 2. दुसऱ्या तुकड्यावर हॅलोथेन. निरोगी स्नायूची बैठी रेघ 2 मिलिमोलपर्यंत जागेवर राहते. सैल दाराच्या स्नायूची रेघ त्याआधीच वर सरकते आणि खाली येत नाही. युरोपच्या नियमाप्रमाणे 0.2 ग्रॅम ताण वाढला की तपासणी होकारार्थी.

आता तुमच्या चहाचा हिशेब. दोन-तीन कप कडक कॉफीनंतर रक्तात कॅफिन लिटरला 50 मायक्रोमोलच्या आत राहतं. परीक्षानळीत लागतं 2,000, म्हणजे वरचे 2 मिलिमोल. रक्तात 500च्या आसपास पोचलं तर कॅफिन हृदयाची लय बिघडवून माणूस मारू शकतं, मग तो कुणीही असो. थोडक्यात, चहानं स्नायूंची दारं उघडतील इतका चहा कुणी पिऊच शकत नाही. बारा वर्षांच्या मुलाला चहा कमी द्या असं मीही म्हणेन, पण झोपेसाठी आणि भुकेसाठी.

ही स्नायूची तपासणी ताज्या तुकड्यावर काही तासांत करावी लागते आणि जगात मोजक्याच केंद्रांत होते, तिच्या मागे लागू नका. रक्तातून जनुकांची तपासणी मोठ्या शहरांत होऊ शकते. ती आधी मिस्टरांची करा, मुलाची नव्हे. त्यांच्यात आजार करणारा ओळखीचा बदल सापडला तर उत्तर मिळालं, मग मुलाची तपासणी नेमकी त्या बदलासाठी करता येईल. सापडला नाही तर मात्र 'घर सुटलं' असं समजू नका. दिरांमध्ये कुठला बदल होता हे आता कळणार नाही, आणि आजार असलेल्या काही कुटुंबांत ज्ञात जनुकांत काहीच सापडत नाही. ऑपरेशन मात्र या तपासणीसाठी थांबवू नका, सुरक्षित भूल देताना तिची गरज लागत नाही.

मुलाला खेळू द्या. असा गुण असलेल्या थोड्या लोकांना कडक उन्हात फार श्रम केल्यावर त्रास झालेला आहे. खेळून आल्यावर स्नायू फार दुखले आणि लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि काकांची हकीकत सांगा.

दिरांचा केसपेपर त्या दवाखान्यात अजून असेल तर मागा, भुलीच्या कागदावर दिलेल्या औषधांची नावं असतात. नसेल तर तुमच्या पत्रातला मजकूर तारीख, गाव आणि नातं घालून एका कागदावर लिहा, खाली 'हॅलोथेनसारख्या वाफेच्या भुलीची औषधं आणि सक्सिनिलकोलीन देऊ नये' असं लिहून भूलतज्ज्ञांची सही घ्या. मुलाच्या फाइलला एक प्रत लावा, एक मिस्टरांच्या पाकिटात. तिसरी जावेला द्या. दिरांना मुलं असतील तर त्यांच्याकडे हा गुण असण्याची शक्यता तुमच्या मुलाच्या दुप्पट आहे, आणि त्यांना हे बहुधा कुणी सांगितलेलं नाही.